बालवाडीतली खांदेमळण

औरंगाबादहून एसटीनं मी रोज बिडकीनच्या बालवाडीत शिकवायला जायची. माझा आवाज मोठा आणि धीर तुटपुंजा. नाक धरा, उडी मारा, गुडघे हलवा, असं ओरडत मी पोरांबरोबर नाचायची, आणि पोरं माझ्यापेक्षा चांगलं नाचायची. एक मुलगी तेवढी दाराला टेकून बसायची. नाक विचारलं तरी नुसती बघायची, कान विचारला तरी. बोलायची तर नाहीच.

तिच्या आईनं शेतात जाता जाता मला सांगून ठेवलं होतं की सासूबाई म्हणतात, पोरीला समज कमी आहे, उगाच कशाला धाडायची. पोळ्यापर्यंत बघायचं, नाहीतर घरीच ठेवायची. मी मान डोलावली, पण आतून चिडले. एवढ्याशा जिवाचा निकाल लावायची सगळ्यांना केवढी घाई!

पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्या संध्याकाळी घरोघरी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात. वर्षभर त्या खांद्यांनी जू वाहिलेलं असतं. पोरांच्या डोक्यात तेच. शेवटी मीही हट्ट सोडला आणि म्हटलं, व्हा बैल. अर्धी पोरं रांगायला लागली, उरलेली मळायला बसली. मी विचारत फिरले, मान कुठाय, पाठ कुठाय, खांदा कुठाय.

एक पोरगा आपल्या बैलाची कंबरच चोळत होता. दाराजवळची मुलगी उठली आणि तिनं त्याचा हात धरून वर सरकवला.

"तिथं नाय. खांदा हितं असतो. जू हितं दुखतं."

मला रडूच आलं, आणि ते लपवायचंही सुचलं नाही. ती मात्र कामाला लागली होती. खांदा, मान, गुडघा अशी नावं घेत एकेक बैल मळत चालली होती.

तेवढ्यात तिची आई तिला न्यायला आली. डोक्यावर गवताचा भारा. लेकीचा आवाज ऐकून ती दारातच थबकली. मुलीनं जाऊन तिचा पदर ओढला.

"आय, खाली बस. तुझा बी खांदा मळते."

आईनं भारा उतरवला आणि ती उंबऱ्यावर बसली. इवल्या हातांनी मुलगी मळत राहिली. माझ्याकडं न बघताच आई म्हणाली, "बाई, उद्या पोळा हाय. परवा लवकर धाडते हिला."