वीसपैकी चौदा

पुष्पलता गजभिये यांच्या खिडकीशी अर्धा मार्क वाढवून मागायला आलेला माणूस पुन्हा त्या खिडकीशी आला, असं कॉलेजात कधी घडलं नाही. एकदा आला की त्याची हौस फिटायची. प्रतापनगरजवळच्या त्या स्वायत्त अभियांत्रिकी कॉलेजच्या परीक्षा विभागात बाईंची एकोणतीस वर्षं गेली. एवढ्या काळात प्राचार्य सहा झाले, संगणक चार पिढ्यांचे झाले आणि बाई मात्र होत्या तशाच राहिल्या. संगणकातून निघालेली यादीसुद्धा त्या कागदावर छापून घेत आणि लाल पेननं ओळीओळीनं तपासत.

तपासताना त्यांच्या हातात पुठ्ठ्याची एक हिरवी पट्टी असायची. ती त्या नावांच्या रकान्यावर ठेवायच्या. नाव दिसायला नको, आडनाव तर मुळीच नको. नवीन लागलेल्या कारकुनांना त्याचं हसू यायचं. बाई त्यांना एकदाच सांगायच्या, "ज्या ठिकाणी मर्जीनं अर्धा मार्क वाढते ना, त्या ठिकाणी मर्जीनं कमीपण होते. आपण मर्जीच ठेवायची नाही."

हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. वडील धोंडबा कोराडीच्या वीजकेंद्रात राखेच्या कामावर होते. चौथीपर्यंत शिकलेले. छप्पन्न साली आपल्या आईबापांचा हात धरून दीक्षेच्या मैदानावर गेलेला हा मुलगा पुढे एकाच गोष्टीवर विश्वास ठेवून जगला: कागदावर छापलेला आकडा कोणाला खोडता येत नाही. पुष्पलतानं दहावीला शहात्तर टक्के आणले तेव्हा कॉलनीत पेढे वाटून झाल्यावर त्यांनी तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "बाकीचे चोवीस कुठी गेले वं?" ते प्रेमानंच विचारलं होतं. पण पोरगी त्या प्रश्नाखाली जी वाकली ती वाकलीच, आणि पुढे तोच प्रश्न तिनं स्वतःच्या घरातही चालू ठेवला.

तर अशा बाईंच्या खिडकीशी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कामिनी राऊत नावाची मुलगी येऊन उभी राहिली.

कामिनी काटोलकडच्या एका खेड्यातली. वडील रुपराव शेती करणारे. शेवटच्या वर्षाचं पहिलं सत्र ती विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेतून फ्रान्समध्ये, ग्रनोबल नावाच्या गावच्या विद्यापीठात शिकून आली होती. तिथल्या प्राध्यापकांनी तिला एम.एस्सी.साठी परत बोलावलं होतं. अट एकच होती. नागपूरच्या पदवीला सरासरी पंचाहत्तर टक्के हवेत, आणि तसा निकाल तीस जूनच्या आत तिकडे पोचायला हवा. कामिनीच्या इथल्या सात सत्रांची सरासरी शहात्तर होती. राहिलेलं एक म्हणजे फ्रान्सचं सत्र. तिथून आलेले गुण मिळवल्यावर सगळ्याची सरासरी चौऱ्याहत्तर पूर्णांक अडतीस झाली होती. फ्रान्सच्या विद्यापीठात जायची वाट फ्रान्सच्याच विद्यापीठानं दिलेल्या गुणांनी अडवली होती.

"मॅडम, ते त्रेसष्ट टक्के कसे धरले?"

बाईंच्या कपाळावर आठी पडली. हिशेब विचारलेला त्यांना खपत नसे. "तिथे मार्क वीसपैकी असतात. आपल्याकडे शंभरपैकी. पाचनं गुणलं. चौदाचे सत्तर, बाराचे साठ, तेराचे पासष्ट, अकराचे पंचावन्न, परत तेराचे पासष्ट. बेरीज कर, त्रेसष्टच येतात. पाढे काय फ्रान्समध्ये वेगळे राहतात का?"

"हिशेब बरोबरच आहे, मॅडम. पण तिथे बारा म्हणजे चांगले असतात."

"दोन वर्षांपूर्वी गौरांग नावाचा पोरगा गेला होता, तोपण हेच म्हणून राहिला होता. आपल्या कमी मार्कांचं सगळ्यांकडे कारण राहते."

कामिनी रडली नाही, की वडील शेतकरी आहेत वगैरे काही बोलली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "मॅडम, त्या कागदाच्या उजवीकडचे दोन रकाने एकदा पाहाल का?" आणि मागे वळून ती जिना उतरून गेली.

मागणारा मागून गेला की बाईंच्या डोक्यातून तो विषय जायचा. आज जाईना. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी त्यांनी ती फाइल काढली. फ्रान्सहून आलेला कागद त्यांच्या ओळखीचाच होता. फेब्रुवारीत त्यांनीच त्यावरून गुण उतरवले होते. नाव वर छापलेलं, मग विषय, मग गुण आणि उजवीकडे फ्रेंचमध्ये मथळे असलेले दोन रकाने. भाषा येत नाही आणि नजर भटकायला नको, म्हणून बाईंनी तेव्हा हिरवी पट्टी नेमकी त्या दोन रकान्यांवर ठेवली होती. तेव्हाच्या लाल खुणा पट्टीच्या कडेला टेकलेल्या स्पष्ट दिसत होत्या.

आता पट्टी नव्हती. फ्रेंच येत नसली तरी आकड्यांचे रकाने बाईंना येत होते, तेच तर त्यांचं सगळं आयुष्य होतं. कामिनीला चौदा, शेजारी साडेनऊ आणि मग अडतीसपैकी तिसरी. कामिनीला अकरा, शेजारी साडेसात आणि अडतीसपैकी पाचवी. पहिला रकाना सगळ्या वर्गाच्या सरासरीचा होता आणि दुसरा क्रमांकाचा. खाली एकूण क्रमांक: अडतीसपैकी चौथी. आपल्याकडे वर्गाची सरासरी साठ-बासष्ट असते, हे बाईंना तोंडपाठ होतं. त्यांनी डबा तसाच बंद करून ठेवला.

मग त्यांनी दुसरी फाइल शोधली, गौरांगची. त्याला तेरा, सरासरी नऊ, क्रमांक सहावा. तिथेही त्यांच्याच हातच्या लाल खुणा होत्या, पट्टीच्या कडेला टेकलेल्या. त्या पोराचा विशेष प्रावीण्याचा शेरा एका टक्क्यानं गेला होता. तो तीनदा खिडकीशी आला होता. नेमाला अपवाद असलाच तर हाच, आणि त्याला तिन्ही वेळा त्यांनी एकच वाक्य ऐकवलं होतं: कागदावर जे आहे ते आहे. कागदावर होतंच की. पुष्पलताबाईंना आपली लाज वाटली, आणि तशी वाटण्याची सवय नसल्यामुळे ती चांगलीच लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामिनीला फोन करून बोलावलं आणि प्रथमच एका विद्यार्थिनीला खिडकीच्या आत खुर्ची दिली.

"पहिला पेपर परत भेटला तेव्हा किती होते तुले?"

"अकरा," कामिनी म्हणाली. "मॅडम, मी बाथरूममध्ये जाऊन रडली. बाबा रोज व्हिडिओवर विचारत, निकाल लागला काय? मी आठ दिवस त्यांना सांगितलं, अजून लागायचाच आहे. आणि माह्या बाजूच्या खोलीत एक पोरगी राहत होती, तिले दहा होते. तिनं सगळ्या मजल्याले केक खाऊ घातला. मले वाटलं, हिचं डोकं फिरलं."

बाईंना हसू आलं. ते त्यांनी दाबलं नाही.

"मग चौदा मिळाले तेव्हा सरांनी वर्गासमोर हात मिळवला. वीस तिथे कोणालेच देत नाहीत. बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, मग वीसपैकी काहून मोजतात?"

"खरं आहे त्यांचं," बाई म्हणाल्या आणि वही ओढून टिपण लिहायला बसल्या.

परीक्षा समितीच्या बैठकीत बाई भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून इतिवृत्त लिहायच्या. एकोणतीस वर्षांत तोंड उघडलं ते फक्त पान उलटताना बोट ओलं करायला. त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या. परीक्षा नियंत्रक चंपतराव काळमेघ यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मॅडम, पाचनं गुणायचा नियम आहे ना आपला? तो बदलायचा म्हणजे मोठी प्रक्रिया आहे."

"नियम नाही, सर. मी करार काढून वाचला. त्यात समतुल्य गुण द्यावेत एवढंच लिहून आहे. पाच कुठंच नाही."

"मग पाच कोणी आणले?"

"मी आणले," बाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी. मले तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि मीपण कोणाले विचारलं नाही."

बाईंनी दोन्ही कागद टेबलावर मांडले आणि उजवे रकाने दाखवले. तिथला चौथा नंबर आपल्याकडच्या चौथ्या नंबराइतका धरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. काळमेघ सर माणूस वाईट नव्हते, त्यांना फक्त भानगड नको होती. कामिनीचं त्यांनी मान्य केलं. गौरांगचं नाव निघालं तेव्हा मात्र ते मागे टेकले. जाहीर झालेला निकाल दोन वर्षांनी बदलायचा म्हणजे आपलंच हसं होणार, असं ते म्हणाले.

"होऊ द्या, सर. हसं माह्यं होईल. टिपणावर सही माझी आहे."

काळमेघ सरांनी टिपण पुढे ओढलं आणि त्या सहीशेजारी स्वतःची केली.

कामिनीच्या फ्रान्सच्या सत्राला इथल्या चौथ्या नंबराचे एकोणऐंशी टक्के धरले गेले, सरासरी शहात्तर पूर्णांक अडतीस झाली आणि चोवीस जूनला निकाल ग्रनोबलला रवाना झाला. गौरांग पुण्यात नोकरीला होता. बाईंनी त्याला पत्र लिहिलं, कार्यालयाच्या साच्यातलं नाही, आपल्या शब्दांत. कामिनी पेढे घेऊन खिडकीशी आली, तेव्हा बाईंनी तिला तसंच परत पाठवलं. "हे मी तुह्यासाठी नाही केलं वं. उजवे रकाने होते म्हणून केलं." कामिनी जाताना हसत होती. बाईंना आनंद झाला होता, पण तो आत कुठेतरी अडकून बसला होता.

कुठे अडकला ते त्यांना मनीषनगरला घरी गेल्यावर कळलं. मुलगा रोशन बुटीबोरीच्या कारखान्यातून येऊन चहा पीत बसला होता. एकतीस वर्षांचा, शांत, नीटनेटका. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी त्यानं मार्कशीट आईच्या हातात दिली होती. एकसष्ट टक्के. तिनं टक्क्यांपाशी बोट ठेवून विचारलं होतं, बाकीचे एकोणचाळीस कुठी गेले? त्यानंतर रोशननं आईला कुठलाही कागद दाखवला नाही. नोकरीचं पत्रसुद्धा शेजारणीकडून कळलं होतं. घरात भांडण नव्हतं, बोलणं होतं, जेवण एकत्र होतं. पण तेवढंच.

बाई पर्स न ठेवताच समोर बसल्या.

"रोशन, तुले एकसष्ट टक्के होते ना. वर्गात कितवा होता तू?"

रोशननं कप खाली ठेवला. "आज काहून विचारून राहिली?"

"सांग ना."

"दुसरा."

"कितीपैकी?"

"अठ्ठावन्न. पहिल्याले त्रेसष्ट होते. त्या वर्षी अर्धा वर्ग नापास झाला होता, आई."

बाईंनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. "मग तेव्हा सांगितलं काहून नाही?"

"तू एकोणचाळीस विचारले होते," रोशन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी त्याचंच उत्तर शोधून राहिलो होतो."

"चुकलं माह्यं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "कुठी आहे ती मार्कशीट?"

रोशन उठला. कपाटाच्या खालच्या खणातून त्यानं प्लास्टिकची पिशवी काढली आणि तो कागद आईच्या हातात दिला. इतकी वर्षं हजारो मार्कशीट हातांखालून गेलेल्या त्या बाईंनी तो मांडीवर सरळ केला. टक्के खाली होते. त्या वरून सुरुवात करून सावकाश वाचू लागल्या: रोशन धम्मानंद गजभिये.