पाणकराची सुनावणी

एकोडीच्या तलावावर वासुदेवरावांनी मला पहिली हाक मारली तेव्हा साकोली तालुक्यातले सगळे बगळे उडाले, दोन म्हशी रस्ता सोडून पळाल्या आणि मासोळ्यांनी, माझा अंदाज आहे, थेट गोसीखुर्द धरण गाठलं. मी फक्त आरोग्य विमा विकायला बूट घालून बांधावर उभा होतो.

"ओ एजंटबाबू, बांध दबून राहिला. बुटं काढा."

मला चिखलात अनवाणी उभं ठेवून त्यांनी पॉलिसीची बेचाळीस पानं वाचली, मग सही केली. तोवर ती मीही पुरती वाचली नव्हती.

वासुदेवराव गावाचे पाणकर. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेताच्या तुकड्यात, किती जाईल ते हेच ठरवतात. तीस वर्षांत शेजारच्या बांधीत चूळभर पाणी जास्त गेलेलं नाही.

सहा वर्षांनी त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. आतड्याला जुनी सूज, म्हणून डॉक्टरांनी प्रोटॉन उपचार सुचवला. हे किरण गाठीपाशीच थांबतात, मागचं आतडं भाजत नाहीत. कंपनीनं कळवलं, साध्या किरणांनी भागतं, प्रोटॉनचा खर्च मिळणार नाही. पदरचं घालणं त्यांना शक्य नव्हतं. मी म्हटलं, सोडा.

"सोडू कायले? पान एकोणीस वाचा. डॉक्टरनं गरजेचं म्हटलं तं देतो, असं तुमीच लिवलं."

प्रकरण विमा लोकपालांकडे गेलं. सुनावणी व्हिडिओवर, आणि रेंज फक्त तलावाच्या पाळीवर.

"घरातली गोष्ट आता बगळ्यायलेबी सांगा," त्यांच्या पत्नी रुखमिणीबाई म्हणाल्या.

"सांगतो. त्यायचंबी वय होऊन राहिलं."

कंपनीच्या डॉक्टरांनी अदबीनं विचारलं, "काका, गाठ तर दोन्ही किरणांनी मरते ना?"

"मरते. पन हे पाहा." त्यांनी फोन माझ्या हाती दिला आणि फावडं उचललं. पाळीखालच्या तीन बांध्या त्यांच्या घरच्याच. वरून सोडलेलं पाणी मधलीत भरलं आणि खालचीत, कापणीला आलेल्या धानात शिरलं. "मधली माही गाठ, खालची माहं आतडं. हे तुमचे साधे किरण." मग चिखलाच्या एकाच फावड्यात बांधाचं तोंड बुजवलं. धार तुटली. "आन हे प्रोटॉन. मधली दोन्ही खेपेले भिजली का नाई?"

"फोन खाली घ्या," लोकपाल मॅडम म्हणाल्या. "तो बांध पुन्हा दाखवा."

दाखवला. पलीकडे एक थेंब जात नव्हता. कंपनीचे डॉक्टर चष्मा पुसत बसले. कमिशन मी कंपनीचं खातो, पण छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तलावात गेलं.

"धान भिजलं नं जी माहं," रुखमिणीबाई म्हणाल्या. पण सुनावणीची गोष्ट पुढे गावभर त्यांनीच सांगितली.

लेखी निकाल यायला चार महिने लागले. वासुदेवराव जिंकले, प्रोटॉनचा सगळा खर्च मंजूर झाला. त्यांचे डॉक्टर मात्र इतकं थांबायला तयार नव्हते. निकाल आला तेव्हा नागपुरात ऑपरेशन करून त्यांची प्रोस्टेट ग्रंथीच काढून टाकल्याला सहा आठवडे झाले होते.