पलीकडून आलेले दोन ठोके

भूतखेत, करणी... मी आयुष्यात मानलं नाही. झाशीत लक्ष्मी गेटच्या चिंचेवर बाई बसते म्हणत. तिच्याखालूनच मी ड्युटीला जायचो. मला बाई कधी दिसली नाही, कुत्रीच दिसली. चार बुकं शिकलेला माणूस मी, अक्षर वेडंवाकडं. छापताना शुद्धलेखन सुधारून घ्या, मजकूर सुधारू नका. आमची ही महिन्यापूर्वी गेली. ती होती तोवर घरात या गोष्टीचं नाव काढायची सोय नव्हती.

आमचे वाडवडील तलवार घेऊन झाशीत आले, मी हातोडी घेतली. टेसनावर तीस वर्षं चाकं ठोकली. गाडी थांबली की लांब दांड्याच्या हातोडीनं एकेक चाक ठोकायचं. खणखणलं तर चांगलं, भद्द बोललं तर तडा. दोन माणसं, गाडीच्या दोन बाजूंना. मधे डबे, एकमेकांचं तोंड दिसत नाही. म्हणून रीत अशी — आपली बाजू झाली की शेवटच्या चाकावर दोन ठोके द्यायचे. पलीकडून दोन ठोके आले की मगच हलायचं. उत्तर येत नाही तोवर जागा सोडायची नाही. पलीकडचा चाकात वाकलेला असला आणि गाडी सुटली तर संपलं.

दत्तू, माझा एकुलता एक, दोन वर्षं माझा जोडीदार होता. त्याचा पहिला ठोका जोरात, दुसरा हलका. डोळे मिटून ओळखावा. एकदा उत्तराआधी हलला तर मी मुस्काटात दिली होती. पुन्हा कधी हलला नाही.

मग जर्मनीची लढाई लागली, हा पलटणीत गेला. "आबा, तुम्ही चाकं बडवा, मी जग बघून येतो." जग कसलं... फ्रान्सातून पत्रं यायची. शेडमधल्या राखेच्या खड्ड्यासारखा लांबच लांब चर, त्यातच राहायचं. गुडघाभर चिखल, पाय सुजून बूट निघत नाहीत, उंदीर हातातली भाकरी ओढतात. माझी रम रामदीनला देतो, तो मला गूळ देतो. रामदीन म्हणजे इथल्या बरुआसागरचाच, त्याचा सोबती. शेवटच्या पत्रात लिहिलं — आईला सांगा, उन्हात बसावंसं वाटतं.

त्याच पौषात, भर दुपारी, कानपूरकडची पॅसेंजर उभी होती. माझी बाजू संपत आली आणि पलीकडून दोन ठोके आले. एक जोरात, एक हलका.

हातोडी हवेतच राहिली. वाकून चाकांखालून बघितलं — पलीकडे पाय नव्हते. नुसती खडी आणि ऊन. आणि ओल्या, कुजक्या चिखलाचा वास. झाशीच्या दगडात चिखल कुठला? तेवढ्यात माझा नवा जोडीदार करीमभाई माझ्याच मागून आला, मिशा पुसत.

"क्या हुआ दादा? मैं तो नल पे था."

"उधर कौन है?"

"उधर? तुम्हारे ससुर बैठे होंगे!"

तो हसत असतानाच पुन्हा दोन ठोके. त्याला काही ऐकू गेलं नाही. मी उत्तर दिलं नाही... पळालो.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तेच ठोके. घरी येऊन हिला सांगितलं.

"अहो, मग उत्तर द्यायचं ना!"

"भुताला उत्तर देऊ?"

"भूत कशाला म्हणता? हात ओळखलात ना?"

"अगं, तो जिवंत आहे! उत्तर दिलं तर तो मेला असं मीच कबूल केलं."

तिसऱ्या दिवशी ठोके बारीक आले, जमिनीखालून आल्यासारखे. मी हातोडी उचलली. चाकाच्या वीतभर जवळ नेली... आणि खाली ठेवली. चौथ्या दिवशी काही नाही.

पुढं दत्तू गेल्याचा सरकारी कागद आला. लढाई संपल्यावर रामदीन आला, लंगडत. ओसरीवर बसून म्हणाला, "काका, खंदक ढह गई, दत्तू उतै फँस गओ. तीन दिन फावड़ा सें टीन पे ठोकत रओ, दो-दो. तीसरे दिन हमने छेद करो, आदमी निकर आए इत्तो. हम चिल्लाए, निकर आ! बोलो — ठहर जा, अबै जवाब नईं आओ."

चर ढासळून आत अडकलेला, माणूस निघेल एवढं भोक पाडलं, तरी अजून उत्तर आलं नाही म्हणाला. मग उरलेली माती त्याच्यावर आली.

ही दाराआड उभी होती. रडली नाही. आत जाऊन पोळ्या लाटायला बसली. त्यावर इतक्या वर्षांत एक अक्षर बोलली नाही. पण दुपारी त्या गाडीची शिट्टी झाली की हातातलं काम ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. नुसती बघायची. ठोक्यांना भ्यालो नसेन इतका मी त्या नजरेला भ्यालो. जाताना बोलली, "आता तरी द्या."

तेरावं झालं. हातोडी घेऊन टेसनावर गेलो. पॅसेंजरच्या शेवटच्या चाकावर दोन ठोके दिले. पलीकडून काही नाही. फक्त वैशाखाच्या उन्हात तोच ओल्या चिखलाचा वास...

शहाणे म्हणतील, काळजीनं कान वाजले. असेल. पण रामदीन सांगायच्या आधी मला तीनच दिवस ठोके कसे आले? मला ठाऊक नाही. विचार करून डोकं फुटायची वेळ आली.

आता रोज दुपारी जातो. दोन ठोके देतो आणि उभा राहतो. गाडी निघून जाते, रूळ मोकळे होतात, पलीकडे कोणी नाही हे दिसतं. अंगावर काटा येतो, पळावंसं वाटतं. पण हलत नाही. उत्तराआधी हलायचं नाही, हे मीच त्याला मारून शिकवलंय.