लाईट आली तेव्हा

सागाच्या भुश्याचा वास आला की कोल्हारचं आमचं फर्निचरचं दुकान आठवतं. त्या दुपारी लाईट गेली होती. कटर मशीनवर लाकूड टेकवून सरकवायची लोखंडी पट्टी खाचेत डुगडुगायची, म्हणून पत्र्याचा तुकडा घालून ती घट्ट केली. पातं फिरू नये म्हणून मी त्याचे दात धरले आणि आमचे हे काटकोन मापायचा गुण्या लावून पट्टी बसवू लागले. "अहो, बटन बंद हाय ना?" "व्हय गं." तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब पेटला, मोटर घुमली, पातं माझ्या बोटांखाली थरथरलं. मला हात काढता येईना. पण ते फिरलं नाही. मशीन थ्री फेजवरचं, आणि आली होती नुसती सिंगल फेज; तेवढ्यावर मोटर घुमते, पण फिरत नाही. यांनी धावत जाऊन चालूच राहिलेलं बटन बंद केलं आणि माझी बोटं एकेक करून पात्यावरून सोडवली. पंचवीस वर्षं झाली, अजून लाईट गेली की माझ्या मुठी मिटतात, आणि आली तरी लवकर उघडत नाहीत.