मशीन जळली नव्हती

मला हल्ली गाण्यांची किळस येते. ज्यानं जन्मभर गाण्यांवर पोट भरलं त्यानं असं म्हणू नये, पण खरं तेच आहे. फुलचूरच्या आमच्या गल्लीत सकाळी दूधवाल्याच्या खिशात एक गाणं वाजत असतं, भाजीच्या हातगाडीवर दुसरं, आणि शेजारी मोरीत मोबाइल ठेवून आंघोळ करणाऱ्याचं आणखी तिसरंच. एकही पूर्ण वाजत नाही. अर्धं कडवं होतं न होतं तोच अंगठा फिरतो आणि पुढचं सुरू. लग्नघरातल्या उष्ट्या पत्रावळींवरून एकेक घास उचलून खावा तसं हे ऐकणं आहे. माझा मुलगा डीजे भाड्यानं देतो. त्याचे भिंतीएवढे डबे अंगणात तपासायला लावले की माझ्या छातीतला कफ हलतो आणि त्याला वाटतं, बाबूजींना ठेका आवडला.

ते गाणं मला असंच तुकड्यात भेटलं, न्हाव्याच्या दुकानात. गालाला साबण लावून बसलो होतो आणि त्याच्या मोबाइलवर एका मुलीचा आवाज लागला. खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत, शब्द आपल्या झाडीपट्टीच्या बोलीतले. कितीतरी वर्षांनी मला वाटलं, आता याचा अंगठा फिरू नये.

"कोण आहे ही?" मी विचारलं.

"तुमाले नाई मालूम, काकाजी? दवनीवाड्याकडची पोरगी आहे. नर्सिंग करते गोंद्यात. आजकाल सगळे हेच लावून राहिले." त्यानं वस्तरा बाजूला ठेवून आवाज वाढवला. "आयका, पुढं मजा आहे."

पुढच्या कडव्यातली मजा अशी होती. मुलीची आजी मंडईच्या जत्रेत गायला उभी राहिली. तिचा आवाज एवढा दांडगा की माइकवाल्याची मशीन जळून गेली. मग आजी बिनमाइकची गायली आणि आकाशपाळण्यात बसलेले लोकसुद्धा खाली उतरून ऐकत राहिले.

"मशीन जाळली बुढीनं," न्हावी हसला. "काकाजी, तुमचा तर माइकचाच धंदा होता. अशी जळते काय हो मशीन, आवाजानं?"

साबण ओठांवरून तोंडात गेला होता. मी तो गिळला.

ती मशीन माझी होती. ती जळली नव्हती. मी बंद केली होती.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी-जावई येतात, मिठाईची दुकानं आणि पाळणे लागतात, आणि दुपारपासून मंचावर दंडार, भजन, कव्वाली चालते. माइक, भोंगे, आवाज वाढवणारी मशीन आणि बॅटरी घेऊन मी त्या गावांत जात असे. तेव्हा कुणाच्या घरी काही वाजत नव्हतं. नवं गाणं, नवा गाणारा लोकांना पहिल्यांदा कळायचा तो माझ्या भोंग्यातून. गोंद्याच्या बाजारातून मी नव्या कॅसेटी आणायचो, आणि मी वाजवलेलं गाणं आठ दिवसांत धान कापणाऱ्या बायांच्या तोंडी असायचं. लोक म्हणत, याचे कान चांगले आहेत, कोण चालणार हे याला आधी कळतं. मी ते ऐकून फुगायचो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. कोणतं गाणं लावायचं आणि कोणतं नाही, हे ठरवता येणं म्हणजे कान चांगले असणं नव्हे. हातात बटण होतं, एवढंच.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. गावं तेव्हा सगळी तशीच होती. मंडईला बौद्ध वस्तीनंही वर्गणी दिली होती, म्हणून त्यांच्या भजन मंडळाला दुपारची वेळ दिली गेली. मंडळात गाणारी एक तरुण बाई होती. नवऱ्याबरोबर रोजीनं धान कापायची. मंचावर चढताना तिनं मला विचारलं होतं, "माइकवाले भाऊ, किती दूर उभी राहू?" वीतभर दूर राहा म्हणून मी सांगितलं. तिनं खरोखर वीत लावून पाहिली.

पहिलं गाणं रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं होतं. मी तोपर्यंत शेकडो गाणारे ऐकले होते, पण असा आवाज ऐकला नव्हता. जिलेबी तळणाऱ्यानं झारा तसाच धरून मान वर केली. ज्याला लोक कानाचा पक्का म्हणत त्या मला तर पहिल्या ओळीतच कळलं होतं. म्हणूनच पुढचं जास्त घाण आहे.

दुसरं गाणं विहिरीवर होतं. दूर उभं राहून ओंजळ पसरणाऱ्या बाईचं. गाण्यात कुणाचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं. पण पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येकाच्या अंगणात विहीर होती. ते एकमेकांकडे पाहू लागले. मंडईचे अध्यक्ष अर्धवट उठले आणि त्यांनी हात खाली केला. नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्यांनी मला इशारा केला. त्यांनी तसं काही केलं नव्हतं. मागे उभ्या राहिलेल्या पोरांना ते बसा म्हणत होते, आणि हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. मला कुणीही काही सांगितलं नाही. पहिल्या रांगेला काय आवडेल, याचा अंदाज मी बांधला आणि बटण फिरवलं.

मग झाकण उघडून पेचकस घेऊन बसलो. थेट नाही म्हटलं असतं तर दोन वस्त्यांत भांडण झालं असतं. मशीन बिघडली तर कुणाला दोष? त्या काळी आमच्याकडे अशी बरीच कामं मशीनवर, पावसावर नाहीतर देवाच्या कौलावर ढकलून उरकत असत.

मला वाटलं ती थांबेल. ती थांबली नाही. माइक बाजूला सारून मंचाच्या काठावर आली आणि वरच्या पट्टीत गाऊ लागली. मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या. गाणं संपेपर्यंत ती गायली. मी खाली मान घालून एकच स्क्रू काढत आणि लावत राहिलो.

भजन मंडळ उतरल्यावर मी माइक सुरू केला. लोक काहीतरी बोलायच्या आत आपणच बोलावं म्हणून म्हणालो, "बाईंचा आवाज मशीनला पेलला नाही. जळली बिचारी. कशीबशी जोडलीय." लोक हसले. पहिली रांग सगळ्यात जास्त हसली. तीही हसली, पदर तोंडाला लावून. ती गोष्ट तिथे जन्माला आली, माझ्या तोंडातून.

पुढच्या वर्षी कळलं की तिचा गळा बसला तो उठलाच नाही. काढे झाले, भंडाऱ्याचा डॉक्टर झाला. बाया म्हणायच्या, लय हौस होती, फाडून घेतला गळा. नवरा म्हणायचा, माइक बंद पडला होता तर खाली उतरायचं सोडून टाळ्यांसाठी ओरडली. हे सगळं मी ऐकलं, कारण त्या वस्तीत जयंतीला माझाच माइक लागायचा. मी ऐकून वायर गुंडाळायचो.

न्हाव्याकडून आल्यावर काही दिवसांनी मुलगा म्हणाला, "बाबूजी, ती गाणारी पोरगी उद्या घरी येऊन राहिली. मशीन आपलीच होती, हे मी तिले सांगितलं. पाच मिनिटांचा व्हिडिओ आहे. जरा गोड बोला, नेहमीसारखं तोंड वाकडं नका करू. आपल्या डीजेचंही नाव होईल."

मुलगी आली. नर्सिंगचा पांढरा गणवेश, पाठीवर बॅग. माझ्या पाया पडली आणि मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून समोर बसली. "बोला आजोबा. मशीन जळाली तेव्हा कसा वास सुटला, धूर निघाला काय, सारं सांगा."

मी सांगितलं. वास सुटला नाही, धूर निघाला नाही, बटण मी फिरवलं. मुलगा दारात उभा होता, तो म्हणाला, "वय झालं यांचं, काहीही बोलतात." मुलीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"काऊन बंद केली?" तिनं विचारलं.

"कुणी सांगितलं नव्हतं. समोरच्यांना आवडेल असं वाटलं."

तिनं मोबाइल उचलून बंद केला. मग म्हणाली, "हे मले कायले सांगता? गळा माझा नाई गेला. तिले सांगा. बसा माझ्या गाडीवर."

मुलगा नको नको म्हणत असताना मी तिच्या स्कूटीवर मागे बसलो.

म्हातारी अंगणात सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला, पण ओळखल्यावर चेहरा उजळला. बोलते म्हणजे नुसता वारा निघतो, शब्द ओठांवरून वाचावे लागतात. नातीला चहा ठेवायला सांगून ती मला म्हणाली, "माइकवाले भाऊ, लय नुकसान केलं मी तुमचं तवा. मशीन जाळली. भरून द्याची ताकत नव्हती आमची. लाज वाटे तुमच्यापुढं याले."

माझ्या लबाडीचा बोजा या बाईनं एवढी वर्षं डोक्यावर वाहिला होता. मी सगळं सांगितलं, पहिल्या रांगेपासून स्क्रूपर्यंत. नात पडवीतल्या गॅसजवळ उभी राहून ऐकत होती.

म्हातारीचा हात सुपात थांबला होता. ती रडली नाही, मला शिव्या दिल्या नाहीत. तिनं विचारलं, "पण आवाज पाळण्यापावतर तं गेला असन ना? लोक उतरले म्हनते खाली."

हो म्हणणं सोपं होतं. तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं, आणि एका होकारानं ते तसंच राहिलं असतं. पण समोरच्याला आवडेल ते द्यायचं, हे मी आयुष्यभर केलं होतं आणि त्याच सवयीनं तिला इथवर आणून सोडलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "पाळणा चालूच होता. पुढच्या तीन-चार रांगांना ऐकू गेलं असेल. मागच्यांना तुम्ही नुसतं तोंड हलवताना दिसत होता."

"आता हे कायले सांगितलं?" नात तिकडून म्हणाली. "एवढं तं ठेवाचं होतं तिच्यापाशी."

म्हातारीनं हात वर करून तिला गप्प केलं. मग सुपातला एक खडा शोधून बाजूला टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले ते मला कळले नाहीत. मी पुढे वाकलो तेव्हा तिनं पुन्हा म्हटलं.

"मंग गळा फुकटच गेला."

मी हो म्हणालो. नातीनं चहाखालचा गॅस बंद केला.