मागं न येणारा काटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. नारायणगडावर हात जोडून उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही — म्हटलं, त्याला ठाऊकच असणार, परत उगाळायचं कशाला? तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडायची माझी छाती नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तर — आमच्या घरी आलात तर पुढच्या खोलीत बसायला जागा कमी आणि लोखंड जास्त दिसेल. हाताची पकड वाढवायची आणि मोजायची जुनी साधनं. आयुष्यभर हाच नाद केला मी. बायको म्हणते, भंगारवाल्याला पत्ता दिला तर तो पाया पडून सगळं घेऊन जाईल. म्हणू दे. तिला काय कळतंय त्यातलं!

खोटं नाही सांगत, एकेक चीज बघून अजून माझं मन भरत नाही. ती दगडी नाल बघा — जात्याएवढा गोल धोंडा, आणि मधोमध मूठ कोरलेली. ज्या पाथरवटानं ती कोरली त्यानं आधी किती तळहात निरखले असतील? बोटं बरोबर बसतात, अंगठा कुठं ठेवावा हे दगडच सांगतो. मग हैदराबादकडचा लोखंडी पंजा. पाच बोटांचा, खऱ्या हाताएवढा. त्याच्या बोटांत आपली बोटं अडकवायची आणि पिळायचं. निजामाच्या अमलात पंजा लढवणारे उस्ताद यावर मेहनत करायचे म्हणतात. लोखंड आतून गुळगुळीत झालंय, नुसत्या माणसांच्या घामानं. एक रबरी फुगा आहे — लकवा झालेल्या माणसाकडून डॉक्टर तो दाबून घ्यायचे, हातात जीव किती परत आला ते बघायला. आणि जत्रेतलं पितळी मशीन तर वा रे वा! नाणं टाकायचं, मूठ आवळायची. तबकडीवर आकडे नाहीत, रंगानं नावं लिहिलीत — ‘आजारी’, मग ‘घरजावई’, मग ‘गडी’, सगळ्यात वर ‘भीम’. आमचे व्याही ‘घरजावई’च्या वर कधी गेले नाहीत, म्हणून त्या मशीनवर त्यांचा भारी राग.

पण ज्याच्यामुळं गाव मला ‘पंजेवाले तात्या’ म्हणतं ते मशीन यातलं कुठलंच नाही. ते डॉक्टरी मशीन. पोलादाचं लांबट कडं, मुठीत मावणारं, मधे घड्याळासारखी तबकडी. तिच्यावर दोन काटे. कडं दाबलं की दोन्ही पुढं जातात. मूठ सैल केली की काळा काटा शून्यावर परत येतो. लाल मात्र येत नाही. तो जिथवर गेला तिथंच उभा राहतो, मधली खुंटी हातानं फिरवून मागं आणेपर्यंत. म्हणजे माणूस मशीन ठेवून निघून गेला तरी त्यानं किती दाबलं ते तबकडीवर राहतं. काय अक्कल लढवली असेल बनवणाऱ्यानं!

आता तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय आहे? येतो — त्याच्यावरच येतो. जरा दम धरा.

मला एक दोस्त आहे, भागवत. आमची घरं पाठीला पाठ लागून. बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव, लिंबागणेशच्या अलीकडं. तालमीत आम्ही एकाच वेळी लंगोट कसला, पण त्याची पकड म्हणजे देवाची देणगी. भिजलेलं जाजम आम्ही चौघं मिळून पिळायचो, मग भागवत एकटा पिळायचा आणि त्यातून आणखी पाणी निघायचं. त्यानं मनगट धरलं की वस्ताद लांबूनच ओरडायचे, ‘सोड बे, पोराचा हात मोडशील!’ आणि एवढं असून माणूस गरीब गाय. मला त्याचा हेवा वाटायचा का? वाटायचा. लई वाटायचा.

त्या वर्षांत माजलगावचं धरण होऊन तिकडं उसाचं वारं सुटलेलं, आणि आमच्या डोंगराला मात्र ओळीनं दुष्काळ. खाली सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. आमच्या गावाच्या वाट्याला एकच जागा आली — बॉयलरवर हेल्पर, पुढं कायम होणारी. एक जागा आणि अख्ख्या गावाच्या चिठ्ठ्या! चेअरमनच्या मागं साडू, मेव्हणे, मामे, भाचे. तो माणूस वैतागला आणि त्यानं जी शक्कल काढली ती आमच्याच मुलखात सुचू शकते. म्हणाला, बॉयलरचे व्हॉल्व्ह फिरवायला हातात जोर लागतो ना? मग तालमीतली पोरं उभी करा, डॉक्टरचं मशीन आणा, जो जास्त दाबील तो कामावर. माणूस वशिला ऐकतो, यंत्राला पाहुणेरावळे नसतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच, इतका चोख निवाडा आम्ही पाहिला नव्हता.

मारुतीच्या पारावर परीक्षा ठरली. बीडहून डॉक्टरचे कंपाउंडर मशीन घेऊन आले. एकेकानं यायचं, दाबायचं, कंपाउंडरनी आकडा मोठ्यानं पुकारायचा आणि लाल काटा मागं फिरवून पुढच्याला द्यायचा. शेवटी आम्ही दोघं राहिलो — आधी भागवत, मग मी. ही नोकरी मला किती हवी होती म्हणून सांगू! ज्याला ती मिळणार नाही त्यानं दिवाळी झाली की बायकापोरांसह ऊस तोडायला जायचं, हे दोघांनाही माहीत होतं.

कंपाउंडरनी भागवतच्या हातात मशीन दिलं, आणि नेमका टँकरचा हॉर्न वाजला.

टँकर म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? तो आमच्या आडात पाणी सोडायचा आणि मग शेंदायची झुंबड. आधी धावेल त्याचं पाणी, मागून येईल त्याचा गाळ. हॉर्न ऐकला की पार ओस पडायचा. त्यात आमच्या गावची एक रीत पडली होती — ज्या घरात शेंदायला कुणी नाही, त्या म्हाताऱ्यांच्या घागरी भागवतनं भरून द्यायच्या. त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण त्या बाया त्याची वाट बघत काठाशी थांबायच्या. त्या दिवशी कंपाउंडरसुद्धा गंमत बघायला सगळ्यांच्या मागं गेले. भागवतनं घाईघाईत कडं आवळलं — एकदाच, उभ्या उभ्या — तबकडीकडं बघितलंही नाही. मशीन माझ्या मांडीवर ठेवलं. ‘धर बे नाम्या, आलोच,’ म्हणाला आणि पळाला.

मी बघितलं. लाल काटा उभा होता. तोवर कुणाचाच तिथवर गेला नव्हता. मी तर जाऊच शकत नव्हतो.

मी तसाच बसून राहिलो. माझी आई आडावर होती, खरं तर मीही पळायला हवं होतं. नाही गेलो. काटा मागं फिरवून ठेवावा, असं आलं का मनात? आलं. हिंमत झाली नाही. मग काय करायचं ठरवलं होतं मी? खरं सांगतो, काहीच नाही. नुसता मशीन धरून बसलो होतो. तेवढ्यात कंपाउंडर परत आले, माझ्या हातातून मशीन घेतलं, तबकडी बघितली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. ‘हा तुझा का रे?’

‘माझाच,’ मी म्हणालो.

झालं. एवढंच. एका शब्दाचं काम. त्यांनी आकडा पुकारला, खुंटी फिरवली, लाल काटा शून्यावर आला.

पण थांबा — एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित अजून गप्पच राहिलो असतो. भागवत आला. बाह्या भिजलेल्या, तळवे दोरानं सोलवटलेले. कंपाउंडर म्हणाले, तुझं राहिलंय, दाब. तो म्हणाला, ‘म्या मघा दाबलं की.’ कंपाउंडर म्हणाले, ते पाहिलं कुणी? तेव्हा तो माझ्याकडं वळला. हसत होता. ‘नाम्या, तू हितंच व्हतास ना बे? कुटवर गेलता माजा काटा?’

‘म्या बगितलंच न्हाई,’ मी म्हणालो.

त्यानं मानलं. माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि मानलं. अंगरख्याला हात पुसले आणि त्या सोलवटलेल्या हातानं परत कडं दाबलं. आकडा कमी आला — पहिल्यापेक्षा कमी. माझ्या खऱ्या दाबापेक्षा नव्हे हं. पुढं घरात दार लावून मी कितीदा ते मशीन दाबून बघितलं. सोलवटलेल्या हातानं त्यानं जेवढं दाबलं तेवढंही मला धड हातानं कधी जमलं नाही.

मग त्यानं काय केलं माहीत आहे? मला खांद्यावर घेतलं आणि मारुतीला फेरी मारली. ‘आमच्या नाम्यानं मशीन हालिवलं!’ असं ओरडत. कामाच्या पहिल्या दिवशी सायकलवर डबलसीट बसवून कारखान्याच्या फाटकापर्यंत त्यानंच मला सोडलं. आणि त्या दिवाळीनंतर बायको आणि तान्ह्या पोरीला घेऊन तो तोडणीला गेला. त्यानंतर दर साली गेला. हात चालत होते तोवर गेला.

हा माझा संग्रह कसा उभा राहिला, विचारा ना. पुढं डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा ते मशीन अडगळीत निघालं. मला नको होतं, नजरेसमोर नको होतं. भागवत म्हणाला, ‘तुज्या नशिबाचं मशीन हाय, घरात पायजे,’ आणि स्वतः बीडला जाऊन घेऊन आला. मग लोक बघायला येऊ लागले, पंजेवाला म्हणू लागले. आता पंजेवाल्याला पंज्याची हौस नको का? मी हौसेचं सोंग आणलं. सोंग आणता आणता खरंच जीव जडला, हे मात्र कबूल. आणि भागवत दर साली तोडणीहून येताना माझ्यासाठी काहीतरी आणू लागला. कोल्हापूरकडच्या पडीक तालमीतून स्प्रिंगचे पंजे. कर्नाटकातल्या कुठल्या यात्रेतून ते पितळी मशीन. लोखंडी पंजा तर त्यानं एका म्हाताऱ्या उस्तादाचं सरपण फोडून देऊन मिळवला. दिवसभर कोयता चालवून, रात्री उसाच्या फडावर झोपणारा माणूस — सुट्टीच्या दिवशी पायी जाऊन तालमी धुंडाळायचा. कशासाठी? तर माझ्यासाठी! ती दगडी नाल ट्रकमधून आली — भांडी, कोंबड्या, चुलीचं सामान आणि मधे हा धोंडा. त्याची बायको सारजा वाटभर त्याला शिव्या देत होती. उतरल्या उतरल्या म्हणाला, ‘नाम्या, तुज्यासाटी गंमत आणलीया, जरा हात लाव.’ मला ती उचलेना. त्यानंच आत नेऊन ठेवली.

माझ्या पोरांची शिक्षणं झाली, मी पेन्शनीवर आलो. त्याची ती तान्ही पोर फडातच मोठी झाली, शाळा तिला माहीत नाही. आज तिच्या हातात कोयता आहे. हे मी वेगळं सांगायला नको होतं, पण सांगतो, कारण त्या एका शब्दात हेही होतं.

गेल्या साली शाळेनं माझ्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. एका गुरुजींनी पोरांना विचारलं, तात्यांनी हे मशीन हलवलं हे कशावरून खरं? भागवत मागं बसला होता, तो उठला. म्हणाला, ‘म्या साक्षीला हाय. म्या व्हतो तितं.’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नमस्कार केला. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? माईक हातात होता.

त्याची बोटं आता मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, कोयता धरून धरून शिरा आखडल्या. काल आला होता. कपाचा कान धरता येईना, म्हणून चहा बशीत ओतला आणि दोन्ही तळव्यांच्या मधे बशी धरून प्याला. पिऊन झाल्यावर माझा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, माझी बोटं मिटवून बघितली. म्हणाला, ‘नोकरीनं तुजं हात चांगलं राह्यलं बग. लई झ्याक झालं, तुलाच गावली ते.’

त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला खरंच बरं वाटत होतं.

‘व्हय,’ मी म्हणालो.