दोघींनी आखलेला भूमध्य

मी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला आणि शेजारच्या वर्गात बाईंनी इतिहास. मुलं आम्हा दोघींना मिळून 'इतिहास-भूगोल' म्हणायची. एवढ्या वर्षांत आमचं 'अहो बाई' काही सुटलं नाही. त्या मला बाई म्हणत, मी त्यांना बाई म्हणे, पण एकीच्या घरी काय शिजतंय ते दुसरीला न विचारता ठाऊक असायचं. त्यांच्या घरचा शीरखुर्मा ईदच्या दुसऱ्या दिवशी डब्यातून माझ्यासाठी स्टाफरूममध्ये यायचा. मी लग्न केलं नाही, विश्रांतवाडीत एकटी राहते, त्यामुळे सणाला कुणीतरी आठवण ठेवतं याचं मला अप्रूप होतं.

भूमध्य सागराची सहल ही कल्पना कुणाची, हे आधीच सांगून टाकते. त्यांची. आमच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी आठवीचे पेपर तपासत होते. एकानं लिहिलं होतं, 'भूमध्य प्रदेशात उन्हाळे कोरडे असतात आणि लोक हिवाळ्यात ओले होतात.' मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले, त्या नाही हसल्या. म्हणाल्या, "बाई, आपण दोघींनी हा समुद्र जन्मभर शिकवला. पाहिला कुणी?"

त्यानंतर दीड वर्ष आम्ही दर गुरुवारी भेटत राहिलो. कसबा पेठेत त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं अत्तराचं दुकान आहे, त्याच्या वर घर. मी रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडून चालत जायची. वर गेलं की त्या दोनशे पानी वही घेऊन बसलेल्या असायच्या. काम त्याच करायच्या. बोटी कुठल्या बंदरातून सुटतात, सामान ठेवायची सोय कुठे आहे, इटलीत मठांमधल्या जोगिणी, म्हणजे नन्स, बायकांना खोल्या भाड्यानं देतात आणि तिथे एकटीदुकटीला भीती नसते, कुठल्या गावात दुपारी चार तास औषधाचं दुकानसुद्धा बंद असतं, हे सगळं त्यांनी शोधून काढलं. बार्सिलोनापासून किनाऱ्या-किनाऱ्यानं मार्सेय, जिनोआ, नेपल्स, तिथून सिसिली, मग ग्रीस आणि शेवटी इस्तंबूल. मध्ये कोर्दोबा, कारण तिथली मशीद त्यांना पाहायची होती. मी काय केलं? नकाशे काढले, हवामानाचे तक्ते केले आणि उन्हाळ्यातच जायचं असा हट्ट धरला, कारण तो कोरडा उन्हाळा मला अंगावर घ्यायचा होता. त्यांना वसंत ऋतू हवा होता. त्यांनी माझं ऐकलं.

निघायच्या आधीच्या डिसेंबरात त्यांना दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. वहीतल्या ओळी मध्येच लाटेसारख्या हलायच्या. मधुमेह जुना होता, तो डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सांगितलं, आणि वर्षभर तरी लांबचा प्रवास नाही. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता. "या उन्हाळ्यात नाही जमायचं. आपण पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. तुमची हरकत नाही ना?"

मी म्हणाले, "अहो, त्यात काय! आधी डोळे."

मी फोन ठेवला. वाईट वाटत होतं, हे खरं. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्यांच्या पथ्याच्या वेळा, त्यांचं दर देवळात, दर मशिदीत तासभर थांबणं, या कशाचीच आता अडचण नव्हती. माझी साठी जवळ आली होती, गुडघे कुरकुर करत होते आणि पुढचा उन्हाळा कुणी पाहिलाय, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण ते नव्हतं. मला एकटीनं जायचं होतं आणि निमित्त आपल्या पायांनी चालत आलं होतं.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले आणि नकाशे पुरे करायचे आहेत असं सांगून वही मागून आणली. वाघोलीला माझ्या भावाची मुलगी राहते, आयटीत आहे. तिनं एका रविवारी बसून वहीच्या पानापानाचा फोटो काढला. पुढच्या गुरुवारी मी वही परत दिली. बाईंनी ती हातानं चाचपून उशाशी ठेवली. आता त्यांना ती वाचता येत नव्हती.

भाचीनं मार्ग नव्यानं लावायला घेतला तेव्हा मी दोन गावं आधी गाळली. कोर्दोबा किनाऱ्यावर नाही म्हणून, आणि इस्तंबूलला वेगळा व्हिसा लागतो म्हणून. ती म्हणाली, "आत्या, तू या वयात सोलो चाललीयेस, भारी आहे हे!" सोलो हा शब्द मला भलताच आवडला. एकटी म्हटलं की कुणीतरी सोडून गेल्यासारखं वाटतं, सोलो म्हटलं की आपणच निघाल्यासारखं.

बाईंचे फोन चालूच होते. डोळ्यांनी वाचणं बंद झाल्यावर त्यांनी मोबाइलकडून मजकूर वाचून घेण्याची सोय शिकून घेतली होती. काही नवं कळलं की मला कळवायच्या. सिसिलीच्या बोटीत खुर्चीपेक्षा बर्थ घेऊ, आपल्या पाठीला झेपणार नाही. मार्सेयला स्टेशनाजवळ नको, बंदराजवळ राहू. मी 'हो, हो' म्हणायची आणि फोन ठेवला की भाचीला कळवायची. पुढच्या वर्षाची म्हणून त्या देत असलेली माहिती मी याच वर्षाच्या खिशात घालत होते.

मार्चमध्ये भाचीनं माझा छोटा व्हिडिओ केला. तिला तो इंस्टाग्रामवर टाकायचा होता. मी गॅलरीत कुंड्यांसमोर बसले, तिनं विचारलं की तीन महिन्यांच्या सहलीचं एवढं नियोजन कसं जमवलंस? मी म्हणाले, "सगळं माझं मीच आखलं. दीड वर्ष लागलं." वाक्य तोंडातून गेल्यावर ते परत घ्यावं असं मला क्षणभर वाटलं होतं. पण भाची म्हणाली, एकदम मस्त झालंय, पुन्हा नको घ्यायला. मीही नको म्हणाले.

त्यानंतरही बाईंचे फोन आले, उलट जास्तच आले. बोटीवर एसी फार गार असतो, शाल हाताशी ठेवावी. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत करून घ्यावी. एकट्या बाईनं खोलीचा नंबर चारचौघांत मोठ्यानं सांगू नये. एकदा त्यांनी विचारलं, "कोर्दोबा ठेवायचं की काढायचं?" मी म्हणाले, "ठेवू की. तुमचं गाव आहे ते." त्या 'बरं' म्हणाल्या. आता आठवतं तेव्हा लक्षात येतं, त्या 'आपण जाऊ तेव्हा' म्हणेनाशा झाल्या होत्या. इतकी वर्षं शाळेत शिकवलेल्या मला एका सर्वनामाचं गळणं ऐकू आलं नाही.

व्हिसा आला. निघायला दहा दिवस उरले तेव्हा मी कसब्यात गेले. सांगायला गेले होते असं म्हणायला मला आवडलं असतं. मी एक खोटं तयार करून गेले होते. अमरावतीजवळ एका खेड्यात माझी बहीण असते. तिची तब्येत बरी नाही, म्हणून तीन महिने तिच्याकडे जातेय, तिथे मोबाइलला रेंज नसते, फोन लागला नाही तर काळजी करू नका.

बाईंनी गुलाबाचं सरबत दिलं. पेला माझ्या हातात नीट आला की नाही ते दुसऱ्या हातानं पाहिलं. माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. बहिणीला काय होतंय ते विचारलं. मेमध्ये अमरावतीची माणसंसुद्धा गाव सोडून पळतात, म्हणाल्या. मी ताप, अशक्तपणा असं काहीबाही रचत गेले. मग त्या म्हणाल्या, "अमरावतीला बोटीनं जाणार का?"

मला आधी कळलंच नाही. मी हसायच्या बेतात होते.

"दिसत कमी असेल मला बाई," त्या म्हणाल्या. "ऐकू नीट येतं."

त्यांच्या सुनेनं मार्चमध्येच तो व्हिडिओ लावला होता. ती स्वयंपाकघरात होती, फोन ओट्यावर. बाईंनी खाटेवरून माझा आवाज ओळखला आणि तिला परत लावायला सांगितलं. सुनेला वाटलं, मैत्रिणीचं कौतुक म्हणून ऐकतायत. चार वेळा ऐकला म्हणे.

विचारू नये ते मी विचारलं. एवढं कळल्यावर फोन का करत राहिलात?

"तुम्ही सांगाल म्हणून. दर वेळी वाटायचं, आज सांगतील. शालीचं काढलं, औषधांचं काढलं, कोर्दोब्याचं काढलं. आणखी किती दारं उघडून द्यायची माणसानं?"

त्या चिडून बोलत नव्हत्या. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाला समजावताना जो आवाज असे, तोच होता. मी म्हणाले की मी सगळं रद्द करते. हे म्हणताना माझे डोळे भरून आले होते आणि त्या भरलेल्या डोळ्यांचा मला थोडा आधारही वाटत होता. तो त्यांनी राहू दिला नाही.

"रद्दबिद्द काही करू नका. उद्या ते ओझंही माझ्याच डोक्यावर यायचं. जा म्हटलं असतं मी. दोन दिवस रागावले असते, मग जा म्हटलं असतं. वही माझ्या हातानं दिली असती." मग म्हणाल्या, "सरबत संपवा. साखर जास्त झालीय का? मला आता चाखून बघता येत नाही."

जिना उतरून खाली आले तर त्यांचे यजमान दुकानात बसलेले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या मनगटावर खसाचा फाया लावला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही येता म्हणून हिचं मन लागतं हो." मी मान खाली घालून गल्लीतून निघाले. शनिवारवाड्यापर्यंत चालत आले तरी रिक्षा करायचं सुचलं नाही.

मी गेले. चौऱ्याऐंशी दिवस फिरले. तो समुद्र पाहिला, कोरडा उन्हाळा पाहिला, सुरकुतलेल्या खोडांची ऑलिव्हची रानं पाहिली. सुंदर होतं, ते खोटं सांगणार नाही. पण सिसिलीत पालेर्मोच्या मठात जोगिणीनं मला खोली दाखवली, तेव्हा खिडकीतून दिसणारं लिंबाचं झाडसुद्धा बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं. कुठेही गेले तरी त्या तिथे आधी पोचलेल्या असायच्या. मी त्यांना एकच फोटो पाठवला, आणि पाठवल्यावर लक्षात आलं की त्यांना तो दिसणार नाही. संध्याकाळी उत्तर आलं, 'सुनेनं सांगितलं. छान आहे.'

परत आल्यावर विश्रांतवाडीच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं मला बोलायला बोलावलं. मी ठरवलं, इथे खरं सांगायचं. आणि सांगितलं. सहल आखली ती माझ्या मैत्रिणीनं, मधुमेहानं तिचे डोळे गेले म्हणून ती राहिली आणि मी तिला फसवून एकटी गेले. नाव घेतलं नाही, पण कसब्यातलं अत्तराचं दुकान म्हणाले. बोलणं संपल्यावर टाळ्या पडल्या. एक निवृत्त न्यायाधीश उठून म्हणाले की असं कबूल करायला मोठं मन लागतं. घरी येताना मला हलकं वाटत होतं, अगदी तरंगल्यासारखं.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला.

"भाषण छान झालं म्हणे," त्या म्हणाल्या. "आता दुकानात गिऱ्हाइकं अत्तर मागायच्या आधी माझ्या डोळ्यांची चौकशी करतात. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं बाई. डोळे गेलेले नाहीत माझे. उपचार चालू आहेत."

मला हे एकदाही सुचलं नव्हतं. माझी चूक सांगायलाही मी त्यांचीच वस्तू न विचारता उचलली होती. मी म्हणाले, "चुकलं माझं."

"हं," त्या म्हणाल्या. पलीकडे भांडी वाजत होती. मग म्हणाल्या की मंगळवारी इंजेक्शन आहे, सुनेला रजा नाही, आणि घरी येताना कुणीतरी हात धरायला लागतं.

मी गेले. दवाखान्यात फार गर्दी होती, तीन तास बसलो. त्यांनी सहलीबद्दल एक शब्द विचारला नाही, मीही काढला नाही. आमच्या जुन्या शाळेत इतिहासाचा तास आता आठवड्यातून दोनच केलाय, यावर त्या बराच वेळ तणतणत होत्या. नाव पुकारल्यावर उठल्या आणि माझ्या दंडाला धरून आत गेल्या. आता दर महिन्याला मीच जाते. त्यांनी अजून मला माफ केलंय असं म्हटलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही.